टच, टोन आणि मधला सुटलेला हॅमर: एका सप्तकाच्या नोंदी

१८ जानेवारी

पियानोचा टोन, म्हणजे सुराचा रंग, वाजवणाऱ्याच्या टचने बदलतो का, हा वाद ऐकून ऐकून डोकं उठलंय, म्हणून शेवटी स्वतःच करून बघायचं ठरवलं. एका बाजूला वाजवणारे, ते म्हणतात की बोट पट्टीवर कसं टेकलं, मनगट सैल होतं का, वजन खांद्यातून आलं का, यावर टोन ठरतो. दुसऱ्या बाजूला फिजिक्सवाले, ते म्हणतात हॅमर, म्हणजे तारेवर आपटणारी फेल्ट लावलेली हातोडी, तारेला लागायच्या आधीच तुमच्या हातातून सुटलेला असतो, वेग काय तेवढं बोला, बाकी सगळं तुमच्या मनात. दोघंही जाम ठाम.

माझ्याकडे एक जुना ग्रँड आहे, आवाज बरा आहे पण ॲक्शन, म्हणजे पट्ट्यांपासून हॅमरपर्यंतची सगळी यंत्रणा, दमलेली, वाजवायला बसलं की पाच मिनिटात उठावंसं वाटतं. त्याचं मधलं एकच सप्तक घ्यायचं, मिडल सी पासून वरचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर रेकॉर्ड करायचं. बाकी पियानो आहे तसा ठेवायचा, म्हणजे शेजारीच तुलना करता येईल.

नियम एकच, हॅमरच्या फेल्टला अगदी शेवटपर्यंत हात लावायचा नाही. फेल्ट बदललं की टोन बदलतो हे कोणीही सांगेल, त्यात शोधण्यासारखं काही नाही. मला बघायचंय की फेल्ट आणि तार तीच ठेवून नुसत्या टचने काय होतं.

सोबतीला एक मैत्रीण आहे, पियानो शिकवते. ती पहिल्या गटातली, कट्टर.

२० जानेवारी

ॲक्शन बाहेर काढली. ग्रँडची ॲक्शन पट्ट्यांसकट ड्रॉवरसारखी पुढे सरकून येते, फक्त ओढताना एकही पट्टी दाबली जायला नको, नाहीतर हॅमर वर उठतो आणि वरच्या फळीला अडकून दांडी मोडते. श्वास रोखूनच ओढली.

बाहेर आल्यावर एक पट्टी अगदी हळू दाबून खाली वाकून बघत बसलो, कितीही वेळा बघितलं तरी मजा येते. पट्टी खाली जाते साधारण १० मिमी आणि हॅमर वर जातो साधारण ४५ मिमी, म्हणजे जवळपास पाचपट, म्हणूनच बोटाची बारीकशी गडबडसुद्धा वर मोठी होऊन पोचते. पट्टीच्या मागच्या बाजूचा कॅपस्टन नावाचा खुंटा विपनला, म्हणजे वरच्या तरफेला, उचलतो, विपनवर उभा असलेला जॅक नावाचा दांडा हॅमरच्या दांडीखालच्या नकलला, म्हणजे चामडं लावलेल्या गोल गादीला, वर ढकलतो. तार दोन-तीन मिमीवर आली की जॅकचं शेपूट लेट-ऑफच्या बटणाला टेकतं आणि जॅक नकलखालून टुणकन बाजूला होतो. बोटाला तिथे एक छोटी अडखळ जाणवते, ती हीच. तिथून पुढे हॅमर एकटा. चेंडू हातातून सुटला की बोलरने मागे कितीही हात फिरवला तरी चेंडूला त्याचं काही पडलेलं नसतं, तसंच.

हे सुटणं मुद्दाम केलेलं आहे. हॅमर तारेला चिकटून राहिला तर तार वाजणारच नाही, दबून जाईल. १७०० च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हे सुटण्याचं तंत्र बसवलं आणि तिथूनच पियानो सुरू झाला. त्याच्याही आधीपासून क्लॅविकॉर्ड होतं, त्यात पितळेची पट्टी तारेला लागून तिथेच राहते, त्यामुळे आवाज चालू असताना बोट हलवून सूर थरथरवता येतो. पियानोने मोठा आवाज मिळवला आणि हे गमावलं. वाजवणाऱ्यांना टचचा जो टोन हवा असतो तो क्लॅविकॉर्डमध्ये खराखुरा होता, असं माझं आपलं मत.

२५ जानेवारी

बोटाऐवजी काहीतरी हवं होतं जे दर वेळी तसंच वाजवेल. लाकडाची एक बिजागरीवाली भुजा केली, टोकाला कडक रबराचा तुकडा, मागे वजनं अडकवायची सोय. दोन पद्धती ठरवल्या. एक "टाकून", भुजा पट्टीच्या वरून ठरलेल्या उंचीवरून पडते. दुसरी "दाबून", भुजेचं टोक आधीच पट्टीवर टेकलेलं असतं, वजन दोऱ्याने तोललेलं, आणि दोरा कात्रीने कापला की पट्टी शून्यातून खाली जायला लागते. दोरा कापायची पद्धत बावळट दिसते पण धक्का अजिबात बसत नाही.

वजन आणि उंची कमी-जास्त करत दोन्ही पद्धतींचा आवाज मीटरवर सारखा आणायचा आणि मग रंग वेगळा येतो का ते बघायचं.

मोबाईलच्या स्लो मोशनने हॅमरचा वेग मोजायचा विचार सोडून दिला. सेकंदाला २४० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे चारेक मिलिसेकंद, हॅमर सेकंदाला २ मीटरने चालला असेल तर तेवढ्यात ८ मिमी निघून जातो, फोटोत नुसता धूसर पट्टा.

१ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग झालं. आवाज सारखा असलेल्या "टाकून" आणि "दाबून" जोड्या घेऊन त्यांचे स्पेक्ट्रम, म्हणजे सुरात कुठले स्वरांश किती आहेत त्याचे आलेख, एकावर एक ठेवले, तार वाजायला लागल्यानंतरचा भाग. रेषा वेगळ्या काढता येत नाहीत. मग जोर वाढवला, परत जोड्या, परत तेच. जोर वाढला की वरचे स्वरांश वाढतात, आवाज उजळ होतो, पण जोर तोच आणि रंग वेगळा असं कुठेच मिळालं नाही. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, कारण वाजवणारे म्हणतात ते नेमकं उलट, की तेवढ्याच जोरात गोलही वाजवता येतं आणि टोकदारही.

जोर आणि रंग बांधलेले का, तर फेल्टमुळे. फेल्ट जितकं दबतं तितकं जास्त कडक होत जातं आणि तेही सरळ प्रमाणात नाही. हळू आलेला हॅमर मऊ असतो, तारेवर जास्त वेळ टेकतो आणि वरचे बारीक स्वरांश स्वतःच दाबून टाकतो. जोरात आलेला तोच हॅमर कडक होतो आणि लगेच उसळतो. टेकून राहण्याचा वेळ खर्जात ४ मिलिसेकंदाच्या आसपास आणि वरच्या टोकाला १ पेक्षाही कमी. एवढ्या वेळात बोट काय ठरवणार?

हे काही मी पहिल्यांदा बघत नाहीये. १९३४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात यंत्राने आणि पियानोवादकाने वाजवलेल्या सुरांच्या लहरी ताडून बघितल्या होत्या, तिथेही हॅमरचा वेग सारखा तर लहर सारखी. तरी स्वतःच्या पियानोवर बघितलं की वेगळं वाटतं.

२ फेब्रुवारी

मैत्रिणीला फाईली ऐकवल्या, नावं न सांगता. मला वाटलं गोंधळेल. बाईंनी धडाधड ओळखल्या, हे टाकून, हे दाबून, हे टाकून. वर माझ्याकडे बघून, "आता बोल."

४ फेब्रुवारी

उत्तर फाईलच्या सुरुवातीला होतं, मी स्पेक्ट्रम काढताना जो भाग कापला होता तिथे. "टाकून" मध्ये रबर पट्टीवर आपटतं तेव्हा एक बारीक ठक होतो आणि तार त्यानंतर वाजते, मधे वीस-तीस मिलिसेकंद जातात कारण पट्टी आणि हॅमरला आपला प्रवास करायचा असतो. ठक वेगळा ऐकू येत नाही, सुराला चिकटून त्याची कड होऊन ऐकू येतो. "दाबून" मध्ये टोक आधीच टेकलेलं, ठकच नाही.

तो ठक सगळ्या फाईलींमधून उडवला आणि परत ऐकवल्या. आता तिला येईना, अंदाजपंचे चाललं. ती वैतागली, "काहीतरी काढलंयस तू यातून". काढलंच होतं!

व्हेर्नर गोएब्ल आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २०१४ चा प्रयोग याच वळणाचा आहे. बोट पट्टीवर आपटल्याचा आवाज असेल तर संगीतकार टच ओळखतात, तो काढला तर ओळखणं संपतं. म्हणजे फिजिक्सवाले तारेपुरते बरोबर, पण ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती तार थोडीच पडते, पट्टी पडते, लाकूड पडतं, सगळं पेटीतून एकत्र बाहेर येतं.

८ फेब्रुवारी

आता दुसरा ठोका, पट्टी तळाला लागते तो. पट्ट्यांखालच्या फळीला चिकटवायचा माईक लावला. जोरात वाजवलं तर पट्टी तळाला आधी लागते आणि हॅमर तारेला नंतर, हळू वाजवलं तर उलटं, तार वाजून गेल्यावर पट्टी निवांत तळाशी पोचते. म्हणजे जोरातल्या सुराच्या तोंडाशी तळाचा धप्प मिसळलेला असतो आणि हळूमध्ये तो सुराच्या पोटात दडून जातो.

पट्टीच्या पुढच्या टोकाखाली फेल्टची जी गोल चकती असते, पंचिंग म्हणतात, ती माझ्या पियानोत दगड झालीये. सप्तकातल्या सगळ्या बदलल्या. खालचे कागदी वॉशर कमी-जास्त करून पट्टीची खोली परत १० मिमी केली, नाहीतर दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या. धप्प बराच कमी झाला, आणि भुजेने जोरात वाजवलेला सूर ऐकायला खरंच मऊ वाटतो, पण धप्प विरल्यावर उरलेल्या तारेचा स्पेक्ट्रम जुन्यावर ठेवला तर जसाच्या तसा. हॅमर, तार, वेग काही बदललेलं नाही, बदललीये ती पट्टीखालची बारीकशी चकती. टोनची चर्चा करताना कोणी हिचं नावसुद्धा घेत नाही.

१५ फेब्रुवारी

घर्षण. हे कंटाळवाणं काम आहे पण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

पट्टीच्या पुढच्या टोकावर वजनं ठेवत जायची, पट्टी हळूहळू खाली जायला लागते तेवढं वजन हे डाऊनवेट. मग खाली गेलेली पट्टी जेवढं वजन उचलून वर येऊ शकते ते अपवेट. उजवा पेडल दाबून ठेवायचा, नाहीतर डॅम्परचं, म्हणजे तारेवर बसून आवाज थांबवणाऱ्या गादीचं, वजनही त्यात येतं. दोन्हींची वजाबाकी करून अर्धी केली की घर्षण, बेरीज करून अर्धी केली की तोल.

एफच्या पट्टीला डाऊन ६४ ग्रॅम आणि अप १८. म्हणजे तोल ४१, घर्षण २३. चांगल्या ग्रँडला डाऊन पन्नासच्या आसपास असतं आणि अप विसाच्या वर. पट्टी जड वाटते ती तिच्यात बसवलेल्या शिशाच्या वजनांनी नव्हे, घासण्याने, हे आकडे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि कितीतरी लोक अशा पट्टीत आणखी शिसं ठोकतात, म्हणजे डाऊनवेट कागदावर सुधारतं आणि पट्टी परत यायला आळशी होते.

पट्टी ज्या मधल्या पिनेवर झुलते तिच्या बुशिंगचं, म्हणजे भोकाच्या अस्तराचं, कापड फुगलेलं होतं, चिमट्याने हलकं दाबून मोकळं केलं. हॅमर ज्यावर फिरतो ती सेंटर पिन घट्ट होती, काढून बुशिंग किंचित मोठं करून नवी पिन घातली. नकलचं चामडं साफ करून टेफलॉनची पूड चोळली. परत मोजलं तर डाऊन ५३, अप २९. तोल तोच ४१, घर्षण १२. बाकी पट्ट्याही कमी-अधिक अशाच निघाल्या.

१६ फेब्रुवारी

भुजेने रेकॉर्ड केलं. त्याच वजनाला आवाज थोडा वाढला, कारण कमी वाया गेलं. वजन कमी करून आवाज जुन्याइतका केला तर स्पेक्ट्रम तोच. अपेक्षित होतं.

१९ फेब्रुवारी

लेट-ऑफ, म्हणजे तारेपासून किती अंतरावर जॅक सुटतो ते. सप्तकातल्या काही हॅमरांचं लेट-ऑफ ५ मिमीला होतं, ते सगळं २ मिमीला आणलं.

याने काय होतं याचा हिशोब कागदावर करता येतो. जॅक सुटल्यावर उरलेलं अंतर हॅमरला स्वतःच्या वेगावर चढायचंय. ५ मिमी चढायला सुटताना सेकंदाला किमान ०.३१ मीटरचा वेग लागतो, २ मिमीला ०.२० पुरतो, घर्षण सोडून. त्याहून हळू वाजवलं तर हॅमर तारेपर्यंत पोचतच नाही, पट्टी गेली खाली आणि आवाज गायब. म्हणजे सगळ्यात हळू सूर किती हळू असू शकतो ही हद्द लेट-ऑफ ठरवतं. ज्याचा सूर एकदा गायब झालाय तो माणूस पुढच्या वेळी भीतीने जरा जास्तच दाबतो, मग त्याच्या हळू वाजवण्यात ती कुजबुज येतच नाही, आणि लोक म्हणतात टोन कडक आहे.

फार जवळ आणायचा मोहही वाईट. खर्जातल्या तारा वाजताना रुंद हलतात, तिथे थोडं जास्त अंतर लागतं. आणि हवा बदलली की लाकूड-फेल्ट फुगतं, तेव्हा अगदी जवळ लावलेला हॅमर तारेला टेकून अडकू शकतो.

२२ फेब्रुवारी

मैत्रीण आली, काय केलंय ते सांगितलं नाही. एकच संथ ओळ तिने आधी खालच्या, हात न लावलेल्या सप्तकात वाजवली आणि मग आपल्या सप्तकात. परत वाजवली. थांबली.

"फेल्टला सुया मारून मऊ केलंस."

"हात नाही लावला."

"खरं सांग. टोन गोल झालाय. आधी कसा पत्र्यासारखा यायचा."

मी भुजेचे आधीचे आणि नंतरचे सूर ऐकवले, सारख्या जोरातले, सुरुवातीचा ठक-धप्प काढून. तिला फरक सांगता आला नाही. मग तिच्याच वाजवण्याची रेकॉर्डिंग काढली, जानेवारीतली आणि आजची, तीच ओळ. तिथे फरक ढळढळीत. जानेवारीत लागोपाठच्या सुरांचे जोर वर-खाली उड्या मारतायत, मधेच एखादा सूर टोचतो, आणि सगळ्यात हळू सूरही तसा मोठाच. आज ओळ चढते आणि उतरते, हळू सूर कितीतरी हळू गेलाय, आणि हळू म्हणजेच फेल्ट मऊ, म्हणजेच गोल. तिला टोन गोल वाटला कारण तो गोल होताच, फक्त तो गोलपणा प्रत्येक सुराचा वेग तिच्या हुकमात आल्यामुळे आला.

मनगट सैल सोडणं, खांद्यातून वजन, हे सगळं मला आता थोतांड वाटत नाही. हॅमरला मनगट कळत नाही हे खरं, पण वेग नेमका ठेवायची ती एक रीत आहे, आणि बोट आधीच पट्टीवर टेकलेलं असलं की ठकही जातो. तिला हे सांगितलं तर म्हणे, "मग मी इतकी वर्षं काय सांगत होते?" यावर बोलायला काही नव्हतं.

२३ फेब्रुवारी

काल निघताना तिने एक गोष्ट टाकली ती डोक्यात राहिली, की एका सुरावर टोन तपासणं हाच मुळात विनोद आहे. बरोबरच आहे. कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजवलेल्या अनेक सुरांत, एक बोट जास्त आणि बाकीची कमी, यात जो रंग येतो तो एका सुरात कधीच दिसणार नाही. शिवाय सगळी बोटं एकदम पट्टीला लागली तरी जोराच्या बोटाचा हॅमर आधी पोचतो, तिसेक मिलिसेकंद इकडेतिकडे, म्हणून वरची चाल वेगळी उठून दिसते. मग पेडल, उजवा आधीच दाबलेला असेल तर बाकीच्या तारा सोबत गुणगुणतात आणि तोच हॅमर, तोच वेग असून सूर वेगळाच. आणि सोडणं! पट्टी सावकाश सोडली तर डॅम्पर तारेवर हळू बसतो, सूर विरतो. झटकन सोडली तर कापला जातो. हॅमर सुटून गेल्यावरही बोटाच्या हातात उरलेलं हे एक खरं काम आहे, त्यावर फार कोणी बोलत नाही.

डिजिटल पियानोत पट्टीच्या वेगाचा एक आकडा पुढे जातो, १ ते १२७, आणि तेवढ्यावर काम चालतं. पण तिथेही चांगल्या मॉडेलात लेट-ऑफची अडखळ मुद्दाम बसवतात, आवाजाशी तिचा काही संबंध नसताना, बोटाला कळावं म्हणून.

२ मार्च

आता फेल्ट. फक्त एफचा हॅमर. सुया डोक्यावर नाही मारायच्या, दोन्ही खांद्यांत मारायच्या, थोड्या, मग ऐकायचं, मग परत थोड्या. भुजेने त्याच वजनाला वाजवलं तर वरचे स्वरांश स्पष्ट खाली आले, आवाजही किंचित उतरला. इथे टोन खरोखर बदलला, यात कोणाच्या हाताचा प्रश्न नाही.

५ मार्च

मैत्रिणीने वाजवलं आणि एफवर अडली. "ही पट्टी जड का झाली?"

वजनं ठेवून दाखवली, डाऊन ५३, अप २९, गेल्या महिन्यात होतं तेच. तिने स्वतः मोजलं, परत मोजलं, मग वाजवलं आणि म्हणाली, तरी जड आहे. डोळे मिटून वाजवायला सांगितलं, तरी एफ जड. मग हेडफोन घालून त्यात मोठ्याने दुसरंच काहीतरी लावून दिलं, पियानो ऐकूच येणार नाही असं, आणि पट्ट्या चाचपायला सांगितलं. आता तिला एफ कुठली ते सापडेना.

तेवढाच उजळपणा मिळवायला एफवर जास्त जोर लावावा लागतो, आणि तो जास्तीचा जोर तिला वजन म्हणून जाणवतो. महिनाभर टचचं टोनवर काय होतं ते बघत होतो आणि इथे टोनने टच बदलला. जड पियानोची तक्रार आली की आता आधी फेल्ट बघणार, मग वजनं.

९ मार्च

एफ परत कडक करायचा की बाकीच्यांना सुया मारायच्या यावर थोडी वादावादी. तिला सप्तक मऊ हवंय, मला भीती की खोलीच्या दुसऱ्या टोकाला काही पोचणार नाही. बाकी हॅमरांना थोड्या सुया, एफच्या अर्ध्या, आणि एफच्या डोक्यावरून बारीक पॉलिश पेपर, असं ठरलं. खालच्या सप्तकाचं घर्षण मोजायला घेतलंय, पहिल्याच पट्टीला डाऊन ६८.